आत्या क्रेनवरून उतरते

आमची आत्या मालाच्या यार्डात क्रेन चालवते. मी तिथेच खाली वायरलेस घेऊन उभा असतो. वर जायला लांबलचक शिडी, आणि ती उतरली की खालचं सगळं काम ठप्प. म्हणून नोकरीला लागल्यापासून तिचा एकच खाक्या: पाणी प्यायचं नाही आणि लघवी आली तरी सुट्टी होईपर्यंत दाबून धरायची. वर त्याचा अभिमान. हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कोणी धरू शकत नाही.

मग ओटीपोट दुखायला लागलं. बसलं की माकडहाडापासून मांड्यांपर्यंत कळा. तपासण्यांत काही निघालं नाही. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. माझं डोकंच फिरलं. आत्या मात्र आतोबांनाही 'कंबर धरलीय' एवढंच सांगायची. खरी जागा सांगायची लाज. कळलं ते फक्त माझ्या आईला, आणि तिच्याकडून मला.

"वन्सं, या वयात खालचे स्नायू सैल पडतात. आवळायचा व्यायाम करा," आई म्हणाली.

आत्या इमानेइतबारे आवळत बसली, अगदी केबिनमध्येसुद्धा. दुखणं दुप्पट झालं. मुकादमानं तिला खाली गेटवरचं काम देऊ केलं, तेव्हा ती माझ्यासमोर रडली. दुसऱ्याच दिवशी मी तिला फिजिओथेरपीला नेलं.

फिजिओबाईंनी आधी सगळं विचारलं, मग समजावून, तिची परवानगी घेऊन तपासलं. म्हणाल्या, "स्नायू सैल कुठले, उलट सारखे आवळलेले आहेत. दिवसभर मूठ वळून ठेवली तर हात दुखणारच ना? आता आवळणं बंद. सोडायला शिकायचं."

गुडघे वर घेऊन पडायचं, श्वास पार पोटात न्यायचा आणि खालचं अंग सैल सोडायचं. शिवाय पाणी प्यायचं आणि लागली की जायचं.

"व्यायाम करीन, पण मधेच उतरणार नाही," आत्या म्हणाली.

"मग मी इथं सोडवत बसते, तुम्ही तिथं आवळत बसा."

सोडणं आत्याला हळूहळू जमलं, कळा न येता बसता यायला लागलं, आणि रजा संपवून ती पुन्हा क्रेनवर चढली.

परवा ट्रकांची रांग लागली होती. तिनं उचललेला माल नीट खाली टेकवला आणि वायरलेसवर म्हणाली, "खाली येतेय."

"काय झालं? पुन्हा दुखतंय का?" मुकादमानं विचारलं.

"नाही. लघवीला जायचंय."

सगळ्या यार्डानं ऐकलं. हसलं कोणीच नाही. आत्या सावकाश शिडी उतरू लागली.

"मुकादम," पलीकडच्या क्रेनवरचे म्हातारबुवा वायरलेसवर बोलले, "ती वर आली की मी पण जाऊन येतो."