ताईचं दुखणं मी सांगायचो

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो. "ताई गेली," एवढंच ते बोलले. अशा वेळी तोंडातून काय निघालं ते आठवत नाही, असं लोक सांगतात. मला मात्र लख्ख आठवतं. मी विचारलं, "कोणी सांगितलं?" भाऊजी म्हणाले, "कोन सांगन गजानन? मी तिच्यापाशीच उभा हाय ना..." सख्खी बहीण गेल्याची खबर आली आणि मी आधी शंका काढली. सहा आठवडे होऊन गेले, तरी तो प्रश्न माझ्या तोंडातून गेलेला नाही.

मंगलाताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. वडनेर भोलजीला भाजीपाल्याच्या घरात दिलेली. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं वर्षभर काही ना काही वावरात उभंच. सातवीनंतर तिची शाळा सुटली, कारण घरी माणूस लागत होतं आणि मी शिकत होतो. आमच्या सगळ्या भावकीत पहिला पदवीधर मी. बीएस्सी, तेही पहिल्या वर्गात. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्याचा तोरा माझ्यापेक्षा ताईलाच जास्त होता. बाजारात मेथीची जुडी हातात देता देता ती गिऱ्हाइकाला सांगायची की माझा भाऊ खामगावात सायन्स शिकवतो. गिऱ्हाईक म्हणायचं, मग एक जुडी जास्त दे. ती द्यायची.

दुखणं दहा वर्षांपूर्वी सुरू झालं. ओटीपोटात पिळायचं, पोट ढोलासारखं फुगायचं, चार-चार दिवस संडासला व्हायचं नाही आणि मग एकदम ढाळ लागायचे. गावातल्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या दिल्या. त्या दोन वर्षं चालल्या. मग मी सूत्रं हातात घेतली आणि तिला खामगावला आणलं. तिथली ती पहिली केबिन मला आता पुन्हा पुन्हा दिसते. पेशंटसाठी एकच स्टूल होतं. ताई म्हणाली, "तू बस." आणि मी बसलोही. डॉक्टरनं माझाच हात नाडीसाठी पुढे ओढला, तेव्हा ताई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "हा नाही हो, मी हाय बिमार. हा माहा भाऊ, बीएस्सी हाय. याले इचारा, हा बराबर सांगते."

आणि मी बरोबर सांगू लागलो. तिला घरच्या बोलीत धड सांगता येणार नाही, डॉक्टर तिला खेडवळ समजून वाटेला लावतील, हा माझा पक्का समज. म्हणून मी ॲसिडिटी म्हणायचो, मोशन क्लिअर होत नाही म्हणायचो. डॉक्टर लिहून घ्यायचे. त्यांनी विचारलं, "पाळी?" मी म्हणालो, "नियमित." मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण तो प्रश्न भाऊ-बहिणीच्या मध्ये फार वेळ उभा राहू नये, म्हणून मी तो झटकून टाकला. ताई फरशीकडं पाहत होती. तिनं मान हलवली. पुढं ज्या ज्या दवाखान्यात गेलो, तिथं मी तेच उत्तर दिलं. एकदा दिलेलं उत्तर बदलायचं तरी कसं?

एकानं जंत सांगितले, एकानं आमांश. एकानं नळी घालून पाहिलं आणि सगळं नॉर्मल म्हणाला. सोनोग्राफी नॉर्मल. शेवटी एकानं चष्मा काढून सांगितलं की बाईच्या मनावर ताण आहे. मला संशय यायला लागला तो तिथून. ही लॅब त्यांचीच असणार, ती चिठ्ठी यांनी उगाच दिली नसणार. मी एकाच दिवशी तिचं रक्त दोन लॅबमध्ये दिलं आणि आकडे जुळवत बसलो. मग वावरातल्या फवारणीचा संशय घेतला आणि घरची वांगी तिला बंद केली. ती हसली, म्हणाली, "लोकायले इकतो अन् आपन खायाचे नाही का?" करणी-भानामतीवर माझा विश्वास नाही, मी विज्ञानाचा माणूस. पण तिच्या जावेच्या घरून चिवडा आला की त्यानंतर कितव्या दिवशी ताईचं दुखलं, हे मी मनात धरून ठेवत होतो. त्या माउलीनं ताईच्या शेवटच्या दिवसांत तिचं सगळं केलं. तिच्यापुढं मान वर करायला मला आता जड जातं.

शेवटी संशय ताईपर्यंत पोचला. एका दिवाळीला ती आमच्याकडं आली होती. फराळाचं सुरू झालं आणि ती आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी गावी गेली ती भाऊजींबरोबर थेट मेथी उपटायला. मी बायकोला म्हणालो की तिला जरा आराम पाहिजे असंल, दुसरं काही नाही. बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की मी विषय बदलला. ते ताईच्या कानावर कसं गेलं माहीत नाही, पण पुढच्या भेटीत चहाचा कप खाली ठेवत ती सहज म्हणाली, "तुले बी खोटं वाटते का गजू?" मी 'नाही' म्हणालो. पण ते लगेच म्हणालो नाही... त्यानंतर ती माझ्याजवळ दुखण्याचं बोलेनाशी झाली. मला वाटलं, औषध लागू पडलं.

यंदा पोळ्यानंतर तिचं जेवणच तुटलं. बायकोनं हट्ट धरला म्हणून तिला अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी ताईला बसवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." मी म्हणालो, मॅडम, मी तिचा भाऊ आहे, आठ वर्षांची फाईल माझ्याकडं आहे, मी बीएस्सी आहे. त्या वर न पाहता म्हणाल्या, "असाल. पण मला तुम्हाला तपासायचं नाही."

बाहेरच्या बाकावर माझं डोकं तापलं होतं. आमच्या भागात तिशी-पस्तिशीतल्या बायांची पिशवी काढून मोकळं होणारे दवाखाने मी पाहिलेत. एकटीला आत घेऊन हिला भेवाडणार, सही घेणार... मी दाराला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पाऊण तासानं मला आत बोलावलं तेव्हा ताईचे डोळे लाल होते, पण चेहरा असा हलका मी कितीक वर्षांत पाहिला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसं अस्तर काही बायांना बाहेर, ओटीपोटात वाढतं. ते पाळीबरोबर सुजतं, आतड्याला चिकटतं, म्हणून दर महिन्याला दुखणं आणि संडासचा त्रास. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. हिचं आतडं बरंच आवळलं गेलंय, एमआरआय करून लवकर ऑपरेशन करावं लागेल. मग माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या की हिला बसलं की कळा येतात, हे तुम्हाला माहीत आहे ना? आठ वर्षं प्रत्येक केबिनमध्ये ताई उभी होती आणि स्टुलावर मी होतो. मी तो मान समजत होतो.

परतीच्या एसटीत ताई म्हणाली, "तिनं जे जे इचारलं ना गजू, ते समदं माह्यापाशी होतंच."

मी म्हणालो, पाहू, एका डॉक्टरच्या शब्दावर पोट फाडत नसतात. एमआरआय केला, तर त्यातही तेच निघालं. तो घेऊन मी दुसऱ्याकडं गेलो, त्यानंही तेच सांगितलं. मग मला वाटलं, हे दोघं एकमेकांचे ओळखीचे असतील. म्हणून संभाजीनगरच्या तिसऱ्याची तारीख घेतली. ताई एकदा फोनवर म्हणाली, "करून टाकू ना बाप्पा आता." मी तिला सहीचं महत्त्व समजावून सांगितलं. असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या, पोट लाकडासारखं झालं. भाऊजींनी मला न विचारता तिला अकोल्याला हलवलं. आतडं पुरतं अडकून फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण विष अंगात पसरलं होतं. दोन दिवस काढले तिनं; दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायचे म्हणून शाळेत आलो आणि तिथंच भाऊजींचा तो फोन आला.

तेरवी झाल्यावर मी एकटाच अकोल्याला गेलो आणि बाईंना विचारलं, तीन आठवडे आधी झालं असतं तर? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही, असं इतक्या लवकर फुटणं क्वचित होतं. खरं असेल. पण हे बोलताना त्यांनी मला धीर द्यायला पाणी मागवलं होतं, म्हणून माझा त्यावरही विश्वास बसत नाही.

गेल्या रविवारी वडनेरला गेलो. भाऊजी वावरात होते. घरी वैष्णवी, ताईची पोरगी, अकरावीला आहे. हात धुवायला मागं गेलो तर पाणी तापवायच्या चुलीजवळ एक अर्धी वीट दिसली, ताईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेली. कडा झिजून गोल झालेल्या. हे काय म्हणून विचारलं तर वैष्णवी म्हणाली, "मायची इट हाय मामा. दर महिन्याले ते चार दिवस गरम करून पोटाले लावे. लय वर्सापासून."

"मले काऊन नाही सांगितलं कोणी?"

तिला खरंच नवल वाटलं. "डॉक्टरले तुमीच सांगत होते ना समदं. आमाले वाटलं, तुमाले माहीत असंल."

मी वीट उचलली. ती गरम होती. मी वैष्णवीकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली. आठ वर्षांपूर्वी ताई फरशीकडं पाहत होती, तशीच. मी काही विचारलं नाही. एवढंच म्हणालो की सोमवारी मामीला घेऊन अकोल्याला जाऊ, तुम्ही दोघी आत जा, मी बाहेर बसतो. तिनं माझ्या हातातून वीट घेतली, कापड नीट केलं. हो म्हणाली नाही. नुसती माझ्याकडं पाहत राहिली... हा माणूस खरंच बाहेर बसेल का, असं.