अडवून ठेवलेली माफी

मिलिंद खरात सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा टेक्निशियन होता. मूळचा वडूजचा. १९९७ साली लिनक्स या कॉम्प्युटर प्रणालीबद्दल आम्हा शंभरेक जणांची एक मेलिंग लिस्ट होती. एकानं मेल टाकली की सगळ्यांना पोचायची. मोडेम लागत नाही, प्रिंटर चालत नाही, असं कुणी लिहिलं की पहिलं उत्तर मिलिंदचं यायचं. लिस्ट सांभाळायचा वाईचा धवल.

त्या दिवाळीत प्रिंटरवरून निघालेली चर्चा आरक्षणावर घसरली. सवलतीतून लागलेल्यांना मशीन काय कळणार, असं कुणीतरी लिहिलं आणि चार दिवसांत अकरा मेल आल्या. त्यातल्या दोन खुद्द धवलच्या. मी नुसता वाचत राहिलो. पाचव्या दिवशी मिलिंदनं सहा ओळी लिहिल्या: मी त्याच सवलतीतून आलोय, आणि तुमच्यातल्या नऊ जणांचे मोडेम मी चालू करून दिलेत. तासाभरात धवलनं जाहीर केलं की ही तांत्रिक लिस्ट आहे, विषयाबाहेरचं खपवून घेतलं जाणार नाही. लिस्टमधून नाव काढून टाकलं ते एकट्या मिलिंदचं.

मिलिंदनं त्या अकरा मेल छापून फायलीला लावल्या.

दीड वर्षानं लिस्ट ज्या मशीनवर चालायची ते पुण्यातलं मशीन बंद झालं. लिस्टला नवी जागा दिली मिलिंदच्या कॉलेजनं. तिथलं मशीन तोच सांभाळायचा, म्हणजे ताबा त्याच्याकडे आला. धवलला मागचं काही आठवतही नव्हतं. त्यानं पासवर्ड पाठवला आणि वर आभार मानले. दुसऱ्या दिवशी मिलिंदनं त्याचं नाव काढलं. कारण म्हणून त्याच्या त्या दोन मेलच्या तारखा लिस्टला कळवल्या.

धवल तेव्हा साताऱ्यात कॉम्प्युटर जोडून द्यायचा धंदा करत होता. कुठं अडलं की लिस्टलाच विचारायचा. पंधरा दिवसांनी तो एसटीनं सांगलीला आला. अरे-तुरे करणारा माणूस, आता अहो-जाहो करत होता.

"अहो मिलिंद, चुकलं माझं. पण तेव्हा सगळेच लिहीत होते."

"काढलं मात्र एकालाच."

"मग मी आता काय करू?"

"चुकलं ते सगळ्यांसमोर लिहा."

धवलनं लिहिलं. सरळ, मनापासून लिहिलं होतं. मिलिंदनंच मला नंतर दाखवलं. पण नाव काढलेल्याची मेल आधी मिलिंदकडे यायची, त्यानं सोडली तरच पुढं जायची. त्यानं ती सोडली नाही. विषयाबाहेरची आहे, एवढंच धवलला कळवलं.

वडूजला गेल्यावर त्यानं हे आईला सांगितलं. बायडाबाईंना ते पटलं नाही.

"कबूल केलंय न्हवं त्यानं? मग लोकास्नी वाचू दे की रं."

"लोकांनी तवाबी वाचलंच की, आई. कोण बोललं?"

आईला दिलेलं हे उत्तर त्यानं मला तोंडावर ऐकवलं.

पुढं धवलनं वेगळी लिस्ट काढली. एकेक करून बरेचजण तिकडे गेले, मीही गेलो. मिलिंदकडे एकोणीस जण उरले. एकदा लॅबमध्ये भेटलो तेव्हा मी विचारलं, एवढं करून बरं वाटलं का.

"लय," तो म्हणाला, आणि समोरच्या कॉम्प्युटरचे स्क्रू काढायला लागला.