वाणात गेलेली बत्तीस पुस्तकं

"वाण परत मागायला आलास? काय लाज हाय का न्हाय रं गणपा?"

आडतीवाल्यांच्या गोदाकाकूंनी मला उंबऱ्यावरच अडवलं. त्यांच्या देवघरात आमच्या वाचनालयाचं पुस्तक पाटावर ठेवलेलं मला दारातूनच दिसत होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं. पुठ्ठ्यावर आमचा शिक्का, खाली दाखल नंबर. प्रत्येक पुस्तक आलं की मोठ्या रजिस्टरात त्याची नोंद होते, त्या नोंदीचा हा आकडा. त्यावरूनच पुस्तक ओळखायचं.

मी कळंबच्या वाचनालयाचा शिपाई. निजामाच्या शाळेत उर्दूची दुसरी झालो, तेवढंच शिक्षण. मराठी वाचायला पुढं स्वतःच शिकलो, वर्तमानपत्रं लावता लावता. त्यामुळं कुणी मला अडाणी म्हटलेलं मी कधी ऐकून घेतलं नाही.

झालं होतं असं. निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. सरकारचं म्हणणं होतं, वाचनालय सगळ्यांसाठी पाहिजे, बायांसाठीसुद्धा. आमचे सेक्रेटरी हायस्कुलात मास्तर होते. त्यांनी एक कपाट वेगळं काढलं, बत्तीस पुस्तकं लावली, वर 'महिला विभाग' अशी पाटी ठोकली. सहा महिन्यांत एक बाई पायरी चढली नाही. चढणार कशी? आत सगळे बापे पाय पसरून बसलेले.

मग मास्तरांच्या बाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू वाचनालयातच ठेवलं. त्या दिवशी बापे बाहेर. बाया आल्या, खोली भरली. बाई आत हळदकुंकू, तिळगूळ देत होत्या. मी दाराशी टेबल घेऊन इश्यूला बसलो. इश्यू म्हणजे पुस्तक नेणाऱ्याचं नाव लिहायचं, सही घ्यायची, पंधरा दिवसांनी पुस्तक परत. पण कुणी घेईचना.

"आमाला काय करायचंय पुस्तक?"

"पोरीकडून वाचून घ्या."

"नगं बाबा. फाटलं बिटलं तर?"

शेवटी मी म्हणालो, "अहो, वाण समजून घ्या की!"

घटकाभरात कपाट रिकामं. वाण घेताना कुठं कुणी सही करतं? मीही रजिस्टर मिटून ठेवलं. मोठ्या ऐटीत मास्तरांना जाऊन सांगितलं, सगळी पुस्तकं गेली.

"सह्या?" मास्तर म्हणाले.

"न्हाईत."

"अरे, मग ती इश्यू झाली का गहाळ झाली? इन्स्पेक्टर यायचाय पुढच्या महिन्यात! स्टॉक मोजणार तो. तुझी चूक आहे, तू निस्तर. नाहीतर किल्ल्या माझ्याकडं दे आणि घरी बस."

किल्ल्या मी दिल्या नाहीत. चूक कबूल करायचाही प्रश्न नव्हता. बाया वाचनालयात आणा म्हणाले, मी आणल्या.

तर असा मी गोदाकाकूंच्या दारात उभा होतो. आधीच्या चार घरांत हेच ऐकून आलो होतो. संक्रांतीचं वाण परत दिलं तर घरात अपशकुन. एकीच्या सासूनं तर मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"काकू," मी म्हणालो, "वाण परत देत न्हाईत, मान्य. पण दुसरीला दिलं तर चालतंय का?"

"मिळालेलं वाण? छे! असं कुणी करतं व्हय?"

"गेल्या साली आमच्या हिला तुम्ही वाटी दिली. तिच्यावर नाव भलत्याच बाईचं कोरलेलं हाय."

काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की आतून सून बघायला आली.

"गुपचूप बस, मेल्या! कुणाला सांगशील तर याद राख."

"सांगत न्हाई. पण रथसप्तमीला पुस्तक घेऊन वाचनालयात या. तुमचं दुसरीला द्या, दुसरीचं तुम्ही घ्या. अन् बाकीच्यांनाबी तुम्हीच सांगा."

रथसप्तमीपर्यंतच वाण देता येतं. पाच दिवस उरले होते. काकू गावभर फिरल्या. माझं त्या बायांनी ऐकलं नसतं, काकूंचं ऐकलं.

रथसप्तमीला एकतीस बाया आल्या. या वेळी मी रजिस्टर उघडंच ठेवलं. म्हटलं, कुणाला कुठलं पुस्तक गेलं ते लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या खेपेला तेच पदरात पडायचं नाही. हे त्यांना पटलं. पण नाव लिहायचं म्हणजे नवऱ्याचंही नाव आलं, अन् ते सरळ कोण घेणार? गोदाकाकूंनीच सुरुवात केली:

"कळंबच्या बाजारात तुरीच्या राशी, शिवलिंगरावांचं नाव घेते पुस्तकापाशी."

झालं! प्रत्येकीचा उखाणा, प्रत्येकीला हशा, मग सही नाहीतर अंगठा. एकतीस नावं लिहिता लिहिता दिवस मावळला. माझी बोटं आखडली. इश्यूच्या कामात एवढी करमणूक मी परत कधी बघितली नाही. राहिलेली एक बाई पुस्तक घेऊन माहेरी, जवळच्या वाशी गावाला गेली होती. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो, तिची सही आणली. पुस्तक तिच्याकडंच ठेवलं. तिच्या आईचं ते अजून ऐकून व्हायचं होतं.

इन्स्पेक्टर आला. महिला विभागाचं कपाट उघडलं. आत एक पुस्तक नाही. मास्तर घाम पुसायला लागले.

"पुस्तकं कुठं आहेत?"

"वाचायला गेलीत, साहेब," मी म्हणालो आणि रजिस्टर पुढं केलं.

त्यानं पानं चाळली. विश्वास बसला नसावा. एका नावावर बोट ठेवलं. "चला, हे घर दाखवा."

घर नेमकं गोदाकाकूंचं. त्यांनी पुस्तक आणलं, साहेबानं दाखल नंबर ताडून बघितला. नंबर बरोबर होता. त्यानं सहज पुस्तक काखेत धरलं, तशा काकू पुढं झाल्या.

"साहेब, बघायला दिलंय. न्यायचं असंल तर पुढच्या हळदीकुंकवाला तुमच्या मंडळींना पाठवा."

साहेबानं पुस्तक मुकाट्यानं परत दिलं. शेऱ्याच्या वहीत त्यानं लिहिलं, 'महिला विभाग चालू आहे. पुस्तकं वाढवावीत.' मास्तरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. किल्ल्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

पुढं दर महिन्याला पौर्णिमेला बायांची अदलाबदल सुरू झाली. मी रिटायर होईपर्यंत ती पुस्तकं क्वचितच कपाटात दिसली. नवीन शिपायाला मी एवढंच शिकवलं: आधी सही घे, मग पुस्तक दे, आणि बाई उखाणा घेत असेल तर मध्ये बोलू नको.