न आलेल्यांची नावं

"आलेल्यांचं मला काय करायचंय, सर? न आलेल्यांची नावं सांगा."

ताई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. छावणीतली चाळीस मुलं सकाळी नाश्त्याला जमली, असं मी शाळेच्या पायरीवर उभा राहून मोठ्या समाधानाने सांगत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून एक फुलस्केप कागद काढला, भिंतीला टेकवून सरळ केला आणि पेन उघडून वाट बघत राहिल्या. मला एकही नाव सांगता आलं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुठे दरड कोसळते, कुठे झोपड्यांना आग लागते. आधी फोटो काढणारे येतात, मग ब्लँकेटं वाटणारे. तेही गेले की कुणीतरी एक बाई चप्पल चिखलातून ओढत येते आणि विचारते, या पोरांची शाळा कुठली? लोकांना ते विचित्रच वाटतं. घर गेलंय आणि ही बाई शाळेचं विचारते.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका मराठी शाळेचा मी तेव्हा प्रभारी मुख्याध्यापक होतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. जुलैमधल्या एका दुपारी शाळेमागच्या डोंगराचा एक तुकडा खाली आला. जीव कुणाचा गेला नाही, पण वरच्या दोन गल्ल्या रिकाम्या करून माणसं आमच्या वर्गांत आणून ठेवली. बाकांचे ढीग व्हरांड्यात गेले, फळ्यांवर ओले कपडे वाळू लागले. 'पुढील सूचनेपर्यंत शाळा बंद' असं मीच लिहून फाटकावर लावलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

ताई तिसऱ्या दिवशी आल्या. पन्नाशीच्या, सावळ्या, खारदांड्याच्या कोळी घरातल्या. आवाज असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी बोलायला त्यांना जिना चढावा लागत नसे. एका संस्थेने त्यांना 'आपत्कालीन शिक्षण समन्वयक' नेमलं होतं. आमच्या शिपायाने व्हिजिटर बुकात हे पद लिहायला घेतलं, ते रकान्यात मावेना, तेव्हा त्याने नुसतंच 'आपत्ती' लिहिलं. ताईंनी वाकून वाचलं. "बरोबर लिहिलंस," म्हणाल्या आणि आत गेल्या.

"शाळा बंद आहे," मी मागून म्हटलं.

"कुणी केली?"

"वरून आदेश..."

"फाटकावरचं अक्षर तर तुमचं दिसतं."

दोन दिवसांत कुटुंबं वरच्या मजल्यावर गेली आणि तळमजल्यावर वर्ग भरले. आमचीच मुलं आणि छावणीतली मुलं एकत्र, कारण ती होतीही बहुतेक एकच. ज्यांची पुस्तकं मातीखाली गेली होती त्यांना शेजारच्याच्या पुस्तकात बघायला सांगितलं. दहावीचा वर्ग जिन्याखाली बसला.

रोज पाच वाजता त्या पाण्याच्या टाकीपाशी बैठक घ्यायच्या. मदत करायला आलेल्या सगळ्या संस्थांची माणसं पहिलीच्या बुटक्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन बसायची. प्रत्येकाने रंगीत खडू आणलेले होते. चौथीतल्या पोरांकडे सहा-सहा डबे जमले आणि दहावीतल्या एकाकडेही भूमितीचं पुस्तक नव्हतं. ताई म्हणायच्या, "तुम्ही काय आणलंय ते नंतर सांगा. पोरांकडे काय नाही, ते आधी ऐका." शनिवारपर्यंत पुस्तकं आली. खडू आणणारे एक साहेब मात्र रुसून गेले ते आलेच नाहीत.

पण खडूंचा उपयोग झाला. एका सकाळी ताईंनी मुलांना आपापलं घर काढायला सांगितलं. सातवीतल्या मानसीने घर काढलं, तुळस काढली, मागे डोंगर काढला आणि डोंगराला टेकलेली भिंत. भिंतीला तिने गर्भारशी बाईसारखं पोट काढलं होतं.

"हे गं काय?" ताईंनी विचारलं.

"भिंत. ती फुगलीय."

"कवापासून?"

"मे महिन्यापासून. आजोबा म्हणतात, तशीच असते ती."

ताईंनी ते चित्र घडी न घालता वहीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "सर, चला वर."

मानसीची गल्ली पहिल्या दरडीच्या डाव्या हाताला होती, पंधरा-वीस घरांची. मागे डोंगर थोपवून धरणारी जुनी दगडी भिंत. भिंतीच्या मध्यावर खरंच फुगवटा होता. खाली ओळीने पाणी वाहून जायला ठेवलेली भोकं होती, कुणी चिंध्यांनी बुजवलेली, कुणी सिमेंटने. तिथून घरात पाणी यायचं म्हणून लोकांनीच बुजवली होती. त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस होता आणि भिंतीच्या पायथ्याशी एक थेंब नव्हता.

मानसीचे आजोबा दोन दिवसांपूर्वी गुपचूप घरी परतले होते आणि ओट्यावर बसले होते. मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलेलं. म्हणाले, "औंदा भिंत कोरडीच हा. बरा झाला."

ताई एरवी कुणालाही उत्तर द्यायच्या. तेव्हा वाकून भिंतीच्या पायथ्याला हात लावून पाहिला. उतरताना अर्ध्या वाटेवर थांबून हळूच म्हणाल्या, "एवढा पाऊस पडतोय आणि बाहेर पाणी येत नाही, सर. मग ते जातंय कुठं?"

भिंत तपासावी म्हणून त्यांनी पालिकेत अर्ज केला, चित्राची झेरॉक्स जोडून. एकदा, दोनदा, तीनदा. कुणीतरी येऊन बघून जाईल, असं उत्तर मिळालं. मग ऑगस्टच्या मध्याला पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि वरून फोन आला की छावणी बंद करा, लोकांना घरी पाठवा.

त्यासोबत एक फॉर्म आला. 'सर्व विद्यार्थी सुरक्षित घरी परतले असून वर्ग पूर्ववत सुरू झाले आहेत.' खाली दोन सह्यांची जागा, मुख्याध्यापक आणि समन्वयक.

ताईंनी वाचून तो माझ्यापुढे सरकवला. "'सुरक्षित' तेवढं खोडा. सही करते."

"ताई, छापील फॉर्म आहे. एक शब्द काय एवढा..."

"एक शब्द आहे तर खोडा ना."

"मला दोन वर्षं काढायचीत अजून."

चिडल्या की त्यांच्या तोंडून दांड्याची बोली निघायची, 'मला'चं 'मना' व्हायचं. "मना नाय जमायचं," एवढंच म्हणाल्या. मी सही केली. त्यांची जागा कोरी ठेवून फॉर्म वर गेला आणि तसाच चालला. आठवड्याने संस्थेचं पत्र आलं, की घाटकोपरमधली आपत्ती संपल्याने ताईंचं काम संपलं आहे.

त्या निरोप घ्यायला आल्या असं मला वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली.

"तुम्ही त्यांच्या कागदावर सही केलीत. आता माझं एक ऐका. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शाळेचं फाटक उघडं ठेवायचं. हॉलसुद्धा. मी येऊन पोरांचा अभ्यास घेईन. त्या गल्लीतली सगळी पोरं, बालवाडीपासून दहावीपर्यंत."

"रविवारी कोण येईल, ताई?"

"पाऊस असला की येतील. मी तसं शिकवलंय त्यांना. आभाळ भरलं की दप्तर घ्यायचं आणि खाली यायचं. आईनं थांब म्हटलं तर सांगायचं, बाई रागावतात."

मी हो म्हटलं. शरमेने म्हटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढचे तीन रविवार त्या स्वतःच्या खर्चाने खारहून आल्या. पाऊस भुरभुर. मुलं यायची, गणितं सोडवायची, दुपारी घरी जायची. गल्लीतले लोक हसायला लागले. एकाने तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "सर, त्या बाईंना घरी कुणी नाही काय?" मलाही कंटाळा आला होता. चौथ्या रविवारी फाटकाची किल्ली शिपायाकडे देऊन आपण घरी बसावं, असं मी शनिवारी ठरवून टाकलं होतं.

तो रविवार गणपतीतला. सकाळी सातलाच आभाळ असं खाली आलं की डोंगर दिसेना. मी घरी चहा पीत होतो. कशाने ते सांगता येत नाही, पण कप तसाच ठेवला आणि निघालो. पोचलो तेव्हा मुलं येत होती. डोक्यावर गोणपाटाच्या खोळी, पोटाशी दप्तरं, मोठ्यांच्या बोटाला लहान. काहींच्या मागोमाग आयाही आल्या, डबे घेऊन. ताई ओल्या साडीने दारात उभ्या राहून एकेकाला आत घेत होत्या. साडेनऊला त्यांनी हजेरी घेतली. बत्तीसपैकी तीस.

"मानसी नाही. तिचा भाऊ नाही."

"घरी गणपती आहे त्यांच्या," कुणीतरी म्हणालं.

"फोन लावा," मी म्हटलं. लावला, उचलला नाही. ताईंनी पदर खोचला. "थांबा, पाऊस जरा..." मी बोलत होतो तोवर त्या फाटकाबाहेर होत्या.

अर्ध्या तासाने आल्या. कडेवर मानसीचा भाऊ, हाताला मानसी, मागून तिची आई रडत, आणि ताईंच्या हाका ऐकून उतरलेली गल्लीतली बरीच माणसं. आजोबा आले नव्हते. समई तेवत होती आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. "देवाक एकट्याक टाकून खंय जाव?" असं ते म्हणाले होते, आणि वर ताईंच्या हातावर प्रसादाचा मोदक ठेवला होता. तो अजून त्यांच्या मुठीत होता.

"गणपतीला उचलूनच आणते खाली," त्या म्हणाल्या. "मग येईल म्हातारा." मोदक बाकावर ठेवला आणि पुन्हा निघाल्या. मी त्यांचा दंड धरला. आयुष्यात मी परस्त्रीच्या अंगाला हात लावला नव्हता. त्या हिसडा देत होत्या, मी सोडत नव्हतो. "सोडा सर. पंधरा मिनिटांचं काम आहे."

तेवढ्यात आवाज आला. मी मोठ्या धडाक्याची कल्पना केली होती. तसं झालं नाही. खडीचा ट्रक रिकामा करताना होतो तसा आवाज, फक्त तो थांबेना. हॉलमधली मुलं आपोआप एकमेकांच्या जवळ सरकली. मग वरून लाल पाणी पायऱ्यांवरून धावत खाली आलं.

चौदा घरं गेली. चार माणसं गेली, त्यांत मानसीचे आजोबा. चौघांत मूल एकही नव्हतं.

ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना धरलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यांनाही कळत होतं. पण कळणं वेगळं. त्या मानसीच्या आईशेजारी बसून राहिल्या, मधेच उठून मुलांना जेवायला वाढलं, पुन्हा बसल्या.

मग चौकशी झाली. टेबलावर माझ्या सहीचा फॉर्म होता. 'सुरक्षित' शब्दाखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने ताईंना विचारलं, "तुम्ही सही का केली नाहीत?"

"मला ते खरं वाटलं नाही."

"आणि यांनी केली."

"केली," ताई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि रविवारी फाटकही यांनीच उघडं ठेवलं. दोन्ही लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं. माझी एक वेतनवाढ थांबली, प्रभार काढून घेतला. बाहेर आल्यावर मी ताईंचे आभार मानायला गेलो. "आभार कसले?" त्या म्हणाल्या. "जे झालं ते सांगितलं."

वाचलेल्या कुटुंबांना कांजूरमार्गच्या पुढे इमारतींमध्ये खोल्या मिळाल्या. शाळेचं अर्धं वर्ष उलटलेलं, तिथल्या शाळा दाखला नसलेली पोरं घेईनात. ताई कुणी न सांगता त्यांच्याबरोबर निघाल्या. टेम्पोत भांडी, गाद्या आणि मुलं. ताई पुढे, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर बत्तीस दाखल्यांची फाईल. एकेक दाखला मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. मानसीने मागून हात हलवला. ताईंनी हलवला नाही, त्या ड्रायव्हरला रस्ता सांगत होत्या.

सगळ्या बत्तीस मुलांना प्रवेश मिळाला, एवढं नंतर कळलं. मग ताईंना कुठल्याशा पुराच्या भागात पाठवलं, असं ऐकलं. त्यांचा नंबर लागेनासा झाला.

डिसेंबरात एका दुपारी मी पाचवीला भागाकार शिकवत होतो. डोंगरावरून ठोकल्याचा आवाज यायला लागला. शाळा सुटल्यावर एकटाच वर चढून गेलो. जिथे गल्ली होती तिथली माती सपाट करून कुणीतरी बांबू रोवले होते. एक माणूस छपराला पत्रे मारत होता. वारा होता, पत्रा उडू नये म्हणून त्यावर तीन मुलं बसली होती.

मी त्यांना खाली यायला सांगितलं. त्यांनी बापाकडे पाहिलं. बाप ठोकत राहिला.