भैरूचे दहा दिवस

मी मागच्या अंगणात पोचलो तेव्हा अक्का सुनेच्या पोटरीवरच्या जखमेत लाल तिखट भरत होत्या. सून, सुमन, पाटावर बसून दोन्ही हातांनी पदर आवळून धरत होती. सातवा महिना सुरू होता तिला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण तोंडातून आवाज नाही.

"अक्का, काय चाललंय हे?"

"कुत्रं चावलं की हो. तिखटानं विष उतरतंय."

"विष नसतं ते. साबण आणा. आणि पाणी, घंगाळभर."

"साबणानं काय होतंय? आमच्या मामांना चावलं तेव्हा तिखटच भरलं होतं."

"मग मामा बरे झाले?"

"वारले. पण ते वेगळ्यानं."

मी कपाळाला हात लावला, बादली स्वतःच उचलली आणि जखम धुवायला बसलो. सुमनला म्हटलं, आग होईल, सहन कर. ती म्हणाली, "तिखटापेक्षा बरंय भाऊजी."

मी जनावरांचा डॉक्टर. साताऱ्याकडचा. मुंबईला शिकून म्हैसूर राज्याच्या नोकरीत लागलो आणि बंगळूरला पोस्टिंग मिळालं. गवीपुरमात अक्कांचे यजमान अण्णा यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. अण्णांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. ही गोष्ट अण्णा नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असे. सुमन मात्र मिरजेची, लग्न होऊन आलेली. तिचा नवरा कारखान्याकडून ट्रेनिंगसाठी परदेशी गेला होता. घरात अण्णा, अक्का, सुमन, आणि ओट्यावर भैरू.

भैरू त्यांचा म्हणावा तर त्यांचा, गल्लीचा म्हणावा तर गल्लीचा. तांबूस रंगाचा, गावठी. सकाळची भाकरी इथं, दुपारचं समोरच्यांकडे. आजवर कुणावर गुरगुरला नव्हता. सुमन त्याला रोज स्वतःच्या ताटातला घास ठेवायची. त्या दिवशीही ती घासच ठेवायला गेली होती, आणि त्यानं काही कारण नसताना पोटरी धरली.

हे "कारण नसताना" मला अजिबात आवडलं नाही. शेपटीवर पाय पडला, ताटलीला हात लावला, तर कुत्रं चावतं. त्याला आम्ही गुन्हा मानत नाही. पण मायेचं कुत्रं उगाच चावलं की आम्हाला ते पिसाळल्याची शंका येते. त्यात महिन्याभरापूर्वी तळ्याकडच्या कुठल्याशा कुत्र्यानं भैरूचा डावा कान फाडला होता. त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, कुणालाच माहीत नव्हतं.

इथं दोन गोष्टी सांगायला हव्यात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून जो रोग होतो त्याला रेबीज म्हणतात. माणसात एकदा त्याची लक्षणं दिसू लागली की संपलं. जगात औषध नाही. मात्र चावल्यापासून लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने जातात. तेवढ्या काळात इंजेक्शनं दिली तर माणूस वाचतो. त्या वेळी ती चौदा असत, रोज एक, पोटाच्या कातडीखाली. पोट सुजायचं, ताप यायचा, आणि क्वचित कुणाचे हातपाय लुळे पडायचे. म्हणून डॉक्टर ती उगाच देत नसत.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑब्झर्वेशन. चावताना कुत्र्याच्या लाळेत रोग असेल तर ते कुत्रं दहा दिवसांत आजारी पडून मरतंच. दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावलेल्या माणसाला भीती नाही. म्हणून चावलेलं कुत्रं कधी मारायचं नाही. बांधायचं आणि बघत राहायचं.

माणसांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सुमनला तपासलं आणि मला विचारलं, "कुत्रं तुमच्या ताब्यात आहे ना? नक्की?"

"माझ्याच घरात आहे."

"मग थांबू या. पोट बघा तिचं. सुई टोचायची म्हणजे मलाच धीर होत नाही. पण कुत्र्याचं काही बिनसलं तर तासाभरात मला कळलं पाहिजे."

घरी येऊन मी भैरूला रिकाम्या गोठ्यात साखळीनं बांधलं आणि सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. कुणी जवळ जायचं नाही. हात लावायचा नाही. खाणं काठीनं सरकवायचं. आवाज बदलला, जबडा लोंबला, लाळ गळली, तर पहिल्यांदा मला सांगायचं. दहा दिवस साखळी सुटता कामा नये.

"सरी," अण्णा म्हणाले. म्हणजे बरं. अक्काही म्हणाल्या, "सरी." बंगळूरला या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मला तोवर कळायला हवं होतं.

पहिले चार दिवस बरे गेले. मग बेळ्ळंदूरचा दौरा आला. तेव्हा बेळ्ळंदूर म्हणजे तळं, भातखाचरं आणि म्हशी. गुरांमध्ये घटसर्पाची साथ होती, लस टोचायला माणूस हवा होता. मी सुपरिंटेंडेंटसाहेबांना म्हटलं, घरी एक केस ऑब्झर्वेशनखाली आहे.

"किती कुत्री?"

"एक, सर."

"बेळ्ळंदूरला म्हशी किती?"

मी मुकाट्यानं सायकलला पेटी बांधली.

परत आलो ते आधी आमच्या जनावरांच्या हॉस्पिटलात. साहेब टेबलावर पेन आपटत बसले होते.

"तुमच्या घरमालकांचे दोन फोन येऊन गेले. सुनेचं डोहाळजेवण ठरलंय, मग तिला माहेरी पाठवायचंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आधी कुत्रं निरोगी असल्याची व्हेटरनरीची सही आणा. कुत्रं चांगलं आहे म्हणे. सही का देत नाही?"

"दहा दिवस व्हायचेत, सर."

"तुम्ही आमचे ऑफिसर आहात की त्यांचे भाडेकरू?"

"दोन्ही, सर."

"मग घरचं प्रकरण घरी मिटवा. माझ्या टेलिफोनवर आणू नका."

घरी पोचलो तर अण्णा फाटकातच उभे. हातात कागद, खिशाला पेन. मी सायकल लावायच्या आत त्यांनी कागद पुढं केला.

"सही करून टाका की डॉक्टर. खातंय, पितंय, झोपतंय. आठ काय आणि दहा काय."

"आधी बघू तरी द्या."

गोठ्यात तांबूस कुत्रं पोत्यावर मुटकुळं करून पडलं होतं. डाव्या कानाला हळदीत भिजवलेली चिंधी बांधलेली.

"कानाला काय झालं? तो बरा झाला होता."

"पुन्हा चिघळला स्वल्प," मागून अक्का म्हणाल्या. "मी बांधलं."

"हात लावू नका म्हटलं होतं ना?"

मी चुचकारलं. कुत्र्यानं मान उचलली, माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि आळस देत उभं राहिलं. पोटाखाली दुधानं भरलेली आचळं लोंबत होती.

मी अण्णांकडे वळलो. मग म्हटलं, "अण्णा, भैरू व्याला कधी?"

अण्णांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी बेळ्ळंदूरला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी होती. अण्णांचं कुलदैवत खंडोबा. सहा दिवस देव बसतात, शेवटच्या दिवशी वांग्याचं भरीत, रोडगे, तळी भरायची, आणि कुत्र्यांना घास द्यायचा, कारण ती खंडोबाची.

"देव घरात बसलेत आणि त्याचं कुत्रं साखळीला?" अक्का म्हणाल्या. "पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय. देव कोपला म्हंजे तुमची सही काय करणार? म्हटलं, घासापुरतं सोडावं. दारापर्यंत आलं, आणि बघता बघता गेलं."

दिवसभर शोधलं, मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा टांगा करून शहराच्या पलीकडच्या शिवाजीनगरला गेले आणि मटणबाजाराच्या मागून रंगाला जुळणारं एक कुत्रं बिस्किटं दाखवून घेऊन आले. शेपटीखाली बघायचं त्यांना सुचलं नाही. बघितलं असतं तरी आणलंच असतं, असं मला वाटतं.

माझा आवाज चढला. "अहो, कुत्रं कशासाठी बांधलंय, तुम्हाला कळलं तरी का? मला शोभा म्हणून हवं होतं? या कुत्रीचं आणि सुमनच्या जिवाचं काय नातं?"

"तुम्ही सही केली असती तर पोर वाचली असती की सुयांपासून," अण्णा पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माणूस दुष्ट नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की रोग माझ्या सहीनं जातो.

आता मला एकच विचारायचं होतं. "अक्का, भैरूनं तो घास खाल्ला?"

"नाही हो. नुसता हुंगला. लाळ मात्र फार गाळली माझ्या हातावर."

"हात दाखवा."

त्यांनी हात पुढं केले. भरताचा कांदा चिरताना विळीवर कापलेलं, दोन बोटांवर. खपली अजून ओली. लाळ त्यातून आत गेली असणार.

सुमन एवढा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे वळलो. "तू तर त्याला रोज खाऊ घालायचीस. तुला कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"अण्णा एवढ्या लांबून घेऊन आले. अक्का दोन दिवस जेवल्या नव्हत्या. आणि..." तिनं पोटावर हात ठेवला. "आणि मलाही ती इंजेक्शनं नकोच होती. बाळाला सुई लागेल असं वाटायचं. म्हटलं, तुम्हाला नाही कळलं तर नाही कळलं."

मला तिच्यावर रागावता येईना, आणि रागावल्याशिवाय राहवेना. शेवटी ओरडलो ते भिंतीकडे तोंड करून.

ती शांतपणे म्हणाली, "मी येते हॉस्पिटलात. पण आधी हिला परत पोचवा. दोन रात्री रडतेय. हिची पिल्लं तिथं कुठंतरी असतील."

तिला म्हटलं, आधी तू. त्याच संध्याकाळी तिचं पहिलं इंजेक्शन झालं, आणि अक्कांचंही. अक्का "मला काय झालंय" म्हणत होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात पाहिले, मग त्यांच्याकडे असं पाहिलं की अक्का आपण होऊन टेबलावर आडव्या झाल्या. अण्णा तेवढ्यात कुत्रीला टांग्यातून शिवाजीनगरला सोडून आले. चारांतली तीन पिल्लं जिवंत सापडली.

पुढचे दोन दिवस मी सगळ्या गवीपुरमात भैरूला शोधत फिरलो. दारोदार विचारलं, कुणाला चावला का? देवाच्या कृपेनं नव्हता. तिसऱ्या दिवशी कॉर्पोरेशनच्या माणसांना केंपांबुधी तळ्याच्या काठाला एक मेलेलं कुत्रं मिळालं. मी जाऊन पाहिलं. डावा कान फाटलेला. हातमोजे घालून मी डोकं वेगळं केलं, डब्यात बर्फात घातलं आणि लॅबोरेटरीत पाठवलं. मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट ठिपके दिसले की रेबीज नक्की. त्यांना नेग्री बॉडीज म्हणतात. रिपोर्ट आला. ठिपके होते.

मी तो अण्णांना वाचून दाखवला, मराठीत सांगितला, मग त्यांच्या मराठीत सांगितला. ते ओट्यावर बसले. म्हणाले, "म्हंजे सही झाली असती तर..."

"तर डोहाळजेवण झालं असतं, अण्णा. बारसं झालं नसतं."

त्यांनी उठून आत जाऊन तो जुना कागद चुलीत घातला.

मग रोज सकाळी एक टांगा दाराशी लागे आणि सासू-सून हॉस्पिटलात जात. नर्सबाई सुमनच्या पोटावर कडेला जागा शोधायच्या, आणि अक्का आपलं टोचून घेऊन झाल्यावरही तिथंच उभ्या राहून सुनेचा हात धरायच्या. परत आल्या की दोघींना ताप. अण्णा स्वयंपाक करायचे. त्यांचा भात खाऊन मला वाटायचं, यापेक्षा इंजेक्शन परवडलं.

माहेरी जाणं राहिलंच. सुमन बंगळूरलाच बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. अक्कांचेही दोन महिने, तीन महिने, सहा महिने गेले, तेव्हा कुठं मी मोकळा श्वास घेतला. सुपरिंटेंडेंटसाहेबांनी विचारलं, "ते घरचं प्रकरण मिटलं?" मी म्हटलं, मिटलं, सर.

पुढं नोकरीत शेकडो माणसं माझ्यापुढं कागद घेऊन आली. मंत्र्याच्या पीएपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं, कुत्रं चांगलं आहे, सही तेवढी करा. लोकांना रोग गेलेला नको असतो, रोग नाही असं लिहिलेलं हवं असतं. मी कुणाशी वाद घातला नाही. पेनाचं टोपण लावायचो आणि म्हणायचो, आधी कुत्रं उभं करा.