जनार्दनरावांचा आयडी

दतिया गेटजवळ राहणाऱ्या इंदूला इंटरनेटचं एकच काम ठाऊक होतं: त्यातून कांचन दिसते. कांचन तिची धाकटी बहीण, जन्माची बहिरी. लहानपणी दोघींनी हातवाऱ्यांची एक बोली तयार केली होती, ती आईलासुद्धा धड कळायची नाही. आता कांचन इंदूरला भावाच्या मुलीकडे, मुग्धाकडे राहायची, आणि दर गुरुवारी दोघी कॉम्प्युटरवर समोरासमोर बसून पोटभर बोलायच्या. आवाज काय तो बांगड्यांचा.

पण कॉम्प्युटरचे धनी इंदूचे यजमान, जनार्दनराव! कारखान्यातून निवृत्त झाले तरी सुपरवायझरकी काही सुटली नाही. त्यांच्याकडचं नेट केबलवाल्याचं. पान उघडायचं, आयडी-पासवर्ड टाकायचा, काम झालं की लॉगआउट करायचं. एक आयडी एका वेळी एकाच ठिकाणी चालतो. लॉगआउट न करता कॉम्प्युटर बंद करायचं बटण दाबलंत तर तो अडकून बसतो, पुन्हा आत घेत नाही. इंदूच्या हातून हे एकदाच घडलं होतं, पण जनार्दनरावांनी ते आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं. मोठा फोन त्यांच्या खिशात, इंदूला बटणांचा. बायकांना काय करायचाय, म्हणे. आणि ही बाई ऐकून घ्यायची, याचाच मला जास्त राग येतो.

कांचनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा इंदूने इंदूरला जायचं म्हटलं. जनार्दनराव म्हणाले, माझ्या जेवणाचं काय? ती घरी आली की जा. इंदू राहिली.

एका दुपारी इस्पितळातून मुग्धाचा फोन आला. कांचन आत्याला श्वास घेता येत नाहीये, डॉक्टर थोड्या वेळात घशात नळी घालणार आहेत, मग झोपवूनच ठेवतील. ती तुला बोलावतेय, सारखी काहीतरी सांगतेय, इथे कुणाला म्हणून कळत नाहीये. लवकर कॉम्प्युटरवर ये.

इंदूने पदर खोचला. पान उघडलं, आयडी टाकला, पासवर्ड टाकला. उत्तर आलं: हा आयडी आधीच चालू आहे. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेजारचे भैया सहकुटुंब एरच गावी लग्नाला गेलेले, केबलवाला फोन उचलेना. जनार्दनराव मॅच बघायला मित्राकडे, नानासाहेबांकडे गेले होते. शेवटी तिने त्यांना फोन लावला.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. काल सरळ बटण दाबून उठली असशील, आता भोग, असं ऐकवलं. मागे कुणीतरी हसलं. इंदूने काल कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता, पण वाद घालायला वेळ कुणाला होता? मग साहेबांचे हुकूम सुटले. केबल काढ, पुसून लाव. राउटर बंद कर, थांब, चालू कर. कॉम्प्युटर बंद कर, चालू कर. गुडघे धरत ती टेबलाखाली शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मध्येच विकेट पडली, तेव्हा तिला तसंच ताटकळत ठेवलं.

तिने रडत सांगितलं, "अहो, कांचनला नळी घालताहेत. मला तिचे हात बघू द्या."

तेवढ्यात फोनमधून नानासाहेबांचा आवाज आला, "जनार्दनराव, माझा आयडी बंद आहे म्हणून आपण तुमचाच टाकलाय ना इथे? त्यावरच तर मॅच चाललीये."

पलीकडे मॅचचा आवाज एकदम बंद झाला. मग जनार्दनराव नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता टाकून बघ. होईल."

झालं. पान झटकन उघडलं. माफी सोडाच, वर स्पीकरवरच नानासाहेबांना म्हणाले, बघा, इथे बसून दुरुस्त केलं. इंदूने फोन ठेवून दिला.

पडद्यावर मुग्धा आली, तिचे डोळे सुजलेले. तिने मोबाइल पलंगाकडे वळवला. नळी घातली होती. ओढून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्ट्यांनी पलंगाला बांधली होती. झोपेचं औषध अजून पुरतं चढलं नव्हतं. कांचनचे डोळे उघडे होते आणि तिने इंदूला ओळखलं.

इंदूने हात उचलले. मी आले, असं सांगितलं. काय म्हणत होतीस, असं विचारलं.

कांचन उत्तर द्यायला लागली. हात वर येईनात. ती हिसके देऊ लागली, पलंग खडखडला, बोटं पट्टीखाली वेडीवाकडी वळवळली. त्यातलं एक अक्षर इंदूला लागलं नाही. नर्स धावत आली. पेशंट फार तडफडतेय म्हणत तिने पट्ट्या आणखी आवळल्या.

इंदूच्या लक्षात आलं की आपण विचारतोय म्हणून ती तडफडतेय. तिने दोन्ही हात खाली घेतले आणि स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. कांचन तिच्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट पाहत. तिचे डोळे मिटेपर्यंत इंदूने हात बाहेर काढले नाहीत.