दिवस उन्हं आल्यावर बदलतो

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे धर्माकाकांवर कोणा जाणत्याने लिहायला हवं होतं, असं अजून वाटतं. पण त्यांना ओळखणारे आम्ही खाडीकाठचे, आणि आमच्यात कागद हाती घेणारा मीच... चुकलं तर सांभाळून घ्यावं. सहा आठवड्यांपूर्वी रोह्याहून "काका गेले" असं कळलं, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला, माझा निरोप त्यांना पोचला होता का?

काका पेणजवळच्या आमच्या गावची उघाडी सांभाळत. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला खारं अडवायचं. दर उधाणाला पाणी कुठवर चढलं त्याची खूण ते दाराच्या खांबावर कोयत्याने करत, खांबातल्या खिळ्यापासून ती बोटांनी मोजत आणि घरी येऊन मुलीला, सुनंदाताईला, सांगत, "लिव गो, पुनवेची रातची भरती, खिल्याच्या वर सात बोटं." चौदा वर्षांची ती वही. पाणी वर सरकतंय, बांध हातभर उचला, असं ते सांगून थकले. लोक म्हणत, "काका, दर्या काय तुमच्या बोटांनी चालतो?"

मी पुण्यात एम.एस्सी.ला होतो. आमचे सर महासंगणकावर वारा, वादळ, भरती एकत्र मांडून खाडीत पाणी किती चढेल याचं गणित करत. भीतभीतच मी काकांची वही उतरवून त्यांच्यापुढे ठेवली. वहीतल्या खुणा गणिताशी ताडून बघायचं ठरलं, म्हणून मी तिथींच्या तारखा केल्या. यंत्रावर आमची पाळी यायला तीन आठवडे लागले. काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे भाताच्या गिरणीवानी नंबर? एवडा मोठा कंपूटर, नि तरी लायनीत उभं रे!"

उत्तर आलं ते वाईट. दिवसाच्या भरत्या जुळल्या, रात्रीच्या नाहीत. सर म्हणाले, आणखी एकदा बघू, नाहीतर वही बाजूला ठेवू. मी गावी आलो. काका बांधाला चिखल लावत होते. मान खाली घालून सगळं सांगितलं. काकांनी हातांचा चिखल पुसला नि खांबाकडे बघत विचारलं,

"तुजा दिवस कवा बदलतो रं?"

"रात्री बाराला."

"बाराला उठून कोन बदलतो? उन्हं आली का दिवस."

उधाणाची रात्रीची भरती आमच्याकडे बहुधा बारानंतर येते. काका ती आदल्या दिवसात धरत, आणि मी तीच तारीख लावून अशी प्रत्येक भरती चोवीस तास मागे ढकलली होती. खांब खरा होता. चूक शिकलेल्याची होती.

दुरुस्ती करून पुन्हा नंबर लावला. तोवर काका छातीच्या दुखण्याने रोह्याला ताईच्या घरी गेले होते, वही बरोबर घेऊन. या वेळी रात्रीच्या भरत्याही बोटा-दोन बोटांच्या फरकाने जुळल्या! पहाटे लाइन लवकर लागते म्हणून अंधारातच बूथ गाठला. फोन ताईच्या शेजारणीकडे. "काकांना सांगा, खांब बरोबर निघाला," एवढं बोललो, ती "सांगते" म्हणाली आणि लाइन तुटली. तिसऱ्या दिवशी काका गेले.

आता गावाने बांध हातभर उचलायचं ठरवलंय. जुना खांब तसाच ठेवणार आहेत.

ताईला विचारायचा धीर मला बाराव्याला झाला. ती आत जाऊन वही घेऊन आली.

"शेजारीण सांगून गेली तशे बाबा उठून बसले. निरोप कवा आला, इचारलं. मी बोलली, आत्ताच, पुनवेचं उजाडतंय. तर हसले नि बोलले, अजून उन्हं नाय आली, कालच्या दिवसात लिव गो."

वहीतली शेवटची ओळ तीच आहे: चतुर्दशी, पहाट. खांब बरोबर.